खानापूर ते कारवार: चपळ बोट, तुपोलेव विमान आणि आप्पांची हुज्जत

शुक्रवार

डिसेंबर उजाडला की आमच्या बेळगावात दोनच विषय, एक कर्नाटकाचं हिवाळी अधिवेशन आणि दुसरा त्यापायी बसा बॉर्डरवर अडकणार की चालू राहणार. म्हणून यंदा अधिवेशन सुरू व्हायच्या आतच कुठंतरी जाऊन येऊया असं घरात ठरलं, गोव्याला सगळेच जातात म्हणून आप्पांनी कारवार काढलं, आणि आप्पांनी काढलं म्हणजे ठरलंच. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते, मराठा लाईट इन्फंट्रीतून सुभेदार रिटायर. त्यांच्यासोबत मी, बायको, भावजी (गाडी त्यांचीच, इर्टिगा) आणि त्यांचा दहावीतला पोरगा, म्हणजे माझा भाचा सोन्या.

कारवारच का, तर सोन्याच्या डोक्यात नेव्हीचं खूळ शिरलंय. आता आमच्याकडं आर्मी काय नवीन नाही, बेळगावात मराठा सेंटर आहे, कमांडो ट्रेनिंग आहे, सांबऱ्याला एअर फोर्सचं ट्रेनिंग स्कूल आहे, आणि खानापूर तालुक्यात गल्लीत दगड मारला तर एखाद्या फौजीच्या दाराला लागतो. पण नेव्हीवाला म्हणाल तर शोधून सापडत नाही. समुद्र एवढा जवळ, घाट उतरला की आलाच, तरी आमची पोरं डोंगराकडंच भरती होतात. आप्पांना हे खूळ तसं पसंत नाही पण "बघू तर दे त्याला बोट कशी असते ती, मग ठरवेल" म्हणाले. कारवारच्या टागोर बीचवर आयएनएस चपळ ही नेव्हीची खरीखुरी मिसाईल बोट वाळूत आणून ठेवलीय आणि आत जाऊन बघता येते, आता तिच्याशेजारी तुपोलेव विमानही आलंय. शिवाय नेव्ही डे आदल्याच दिवशी, ४ डिसेंबरला झालेला, त्यामुळं सोन्याच्या मोबाईलवर दोन दिवस नुसती जहाजं चालली होती.

खानापुरातून सकाळी सातला निघालो, थंडी मरणाची. लोंढ्यापर्यंत हायवे, रामनगरात इडली-वडा आणि चहा. रामनगर हे गाव तसं नवंच म्हणायचं, काळी नदीवर सुपा धरण झालं तेव्हा जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं आणि तिथली माणसं आणून इथं वसवली. म्हातारी माणसं जोयडा तालुक्याला अजून सुपा तालुकाच म्हणतात. हॉटेलात शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी आप्पांची मिशी बघून लगेच "कुठली युनिट?" विचारलं आणि तिथंच अर्धा तास गेला.

पुढं जगलबेट, जोयडा, कुंभारवाडा, अणशी. हा सगळा काळी टायगर रिझर्व्हचा भाग, रस्ता चांगला पण अरुंद, दोन्ही बाजूला रान आणि मोबाईलला रेंज नाही. मला या वाटेचं हे आवडतं की काळी नदी तुमच्या सोबत असते, तिचा उगम जोयडा तालुक्यातल्या डिग्गीला, मग सुपा, कद्रा असली धरणं भरत भरत ती कारवारला समुद्राला मिळते, म्हणजे आपण तिच्यासोबतच खाली उतरतो. अणशी घाटात सोन्याची तब्येत बिघडली. आप्पा म्हणाले, घाटात ओकतोय तो समुद्रात काय करणार. पोरगं गप्प. बायकोनं लिंबू दिलं आणि आप्पांकडं अशी बघितली की आप्पा कद्र्यापर्यंत काय बोलले नाहीत.

कद्र्याजवळ कैगाचा फाटा लागतो, तिथल्या अणुवीज केंद्राच्या एका युनिटनं २०१८ साली सलग ९६२ दिवस न थांबता चालून जगात रेकॉर्ड केलं होतं. आमच्याकडं लाईट सलग ९६२ मिनिटं राहिली तरी पेढे वाटू असं भावजी म्हणाले.

दुपारी कारवार. लॉज बरा, जेवण त्याहून बरं, बांगडा, सुंगटं, सोलकढी. कारवारात घरात कोकणी, दुकानात कोकणी-मराठी-कन्नड तिन्ही, आणि आम्ही बेळगावचे म्हणल्यावर समोरचा आपोआप मराठीवर येतो. संध्याकाळी नुसतं बीचवर फिरलो, म्युझियम उद्या निवांत बघायचं ठरलेलं.

शनिवार

आज सकाळी आमच्यात अजून एक माणूस आला. आप्पांच्या पलटणीतल्या मित्राचे व्याही, कारवारचेच, नेव्हीत इंजिनरूममध्ये आयुष्य काढून रिटायर झालेले. नाव नाही लिहीत, त्यांनीच नको म्हणलंय, आम्ही नेव्हीकाका म्हणायला लागलो. आल्या आल्या त्यांनी आप्पांना सॅल्यूट ठोकला तर तळवा खाली झुकवून, आणि आप्पांचा सॅल्यूट तळवा समोर दाखवून. सोन्यानं लगेच हा फरक पकडला. काका म्हणाले, "पूर्वी शिडाच्या जहाजावर खलाशांचे हात डांबरानं काळे असायचे, ते वरच्यांना दिसू नयेत म्हणून तळवा खाली, असं सांगतात." आप्पा म्हणाले, आमचे हात स्वच्छ असतात. झालं, सुरुवात झाली.

म्युझियमच्या आधी एक पुतळा आहे तिथं थांबायलाच लागतं. मेजर राम राघोबा राणे, परमवीर चक्र. मूळ गाव कारवारजवळचं चेंडिया. १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेराहून राजौरीकडं आपली फौज निघाली तेव्हा रस्त्यात सुरुंग पेरलेले, झाडं आडवी पाडलेली आणि वरून गोळ्या. राणे तेव्हा सेकंड लेफ्टनंट, इंजिनिअर्सचे. जखमी झाले तरी ८ ते ११ एप्रिल रस्ता मोकळा करत राहिले म्हणून रणगाडे पुढं जाऊ शकले. परमवीर चक्र मिळालेल्यांत जिवंतपणी ते स्वीकारणारे पहिले जे मोजके, त्यात राणे येतात. हा पुतळा ७ नोव्हेंबर २००६ ला उघडला, आणि शेजारचं चपळ म्युझियमही त्याच दिवसाचं. आप्पा तिथं सावधान उभे राहिले. मराठा सेंटरच्या शहरातून आलोय पण राण्यांचं नाव आमच्या किती पोरांना माहितेय? सोन्याला नव्हतं. मलाही इंजिनिअर्सचे एवढंच माहीत होतं, चार दिवसांची हकीकत आप्पांनी सांगितली.

मग चपळ. लांबून बघितली तर बोट तशी लहानच वाटते, म्हणजे विक्रमादित्य हे विमानवाहू जहाज वगैरे डोक्यात घेऊन आलात तर निराशा होईल. लांबी ३८.६ मीटर, रुंदी ७.६, वजन २४५ टन. समुद्राकडं तोंड करून पक्क्या बांधकामावर बसवलेली. डेकवर मागं दोन्ही बाजूला दोन-दोन अशी चार जाडजूड नळकांडी तिरकी वर तोंड करून, पुढं एक आणि मागं एक अशा ३० मिलिमीटरच्या जोडतोफा, मध्ये रडारचा डोलारा. बाजूवर तिचा नंबर, के-९४.

तिथं शाळेची ट्रिप आलेली होती आणि त्यांच्यासोबतचा एकजण पोरांना जोरात सांगत होता की हीच ती बोट, हिनंच १९७१ ला कराची जाळली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सोन्यानंही वाजवल्या, कारण त्याच्या मोबाईलवरच्या रीलमध्येही हेच होतं. आणि खरं सांगायचं तर नेटवर, पेपरात, टुरिस्ट लोकांच्या बोलण्यात सगळीकडं हेच ऐकायला मिळतं.

नेव्हीकाका नुसते हसले. म्हणाले, "ही नेव्हीत आली ४ नोव्हेंबर १९७६ ला. लढाई संपून पाच वर्षं झालेली."

आता आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आप्पांना कुणी न केलेल्या कामाचं क्रेडिट घेतलं की सहन होत नाही, रिटायर झाल्यावर गावात एकानं दुसऱ्याच्या पलटणीची टाय लावली होती तर त्याच्याशी ते तीन वर्षं बोलत नव्हते. "म्हणजे दुसऱ्याचं मेडल हिच्या छातीवर लावलंय होय?" म्हणाले आणि निघाले त्या माणसाकडं. भावजींनी हात धरून थांबवलं. मग काकांनी आम्हाला तिथंच डेकवर उभं करून जे सांगितलं ते या ट्रिपमधलं सगळ्यात चांगलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

रशियानं आपल्याला या जातीच्या बोटी दोन खेपेत दिल्या. पहिली खेप १९७१ ची, आठ बोटी, त्यांना विद्युत क्लास म्हणतात: वीर, विद्युत, विजेता, विनाश, निपट, नाशक, निर्भीक, निर्घट. ७१ ला लढल्या त्या यातल्या. दुसरी खेप १९७६-७७ ची, परत आठ: प्रचंड, प्रलय, प्रताप, प्रबळ, चपळ, चमक, चातक, चराग. तर चपळ ही धाकट्या फळीतली. काका म्हणाले तारखा पाठ नसल्या तरी चालेल, नुसतं ही नळकांडी बघा. ७१ च्या बोटींचे फोटो शोधले (सोन्यानं लगेच शोधले) तर त्यावर मिसाईल ठेवायच्या पेट्या चौकोनी दिसतात, मोठ्या खोक्यासारख्या. कारण जुन्या मिसाईलचे पंख कायम पसरलेले असायचे, मग पेटीही तेवढी मोठी लागायची. नंतर रशियानं पंख दुमडणारं मिसाईल काढलं, घडीच्या छत्रीसारखं, बाहेर पडलं की पंख आपोआप उघडणार. पंख मिटले म्हणून पेटीची गरज संपली, गोल नळकांड्यात काम भागलं. चपळवर गोल नळकांडी आहेत. संपला विषय. जिच्यावर गोल नळकांडं ती ७१ ची नव्हे, हे दहावीचं पोरगंसुद्धा वाळूत उभं राहून सांगू शकतं.

सोन्यानं दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावून बघितले आणि एकदम "अरे होय की!" म्हणाला.

मग काकांनी कराचीचंही सांगितलं, कारण खरं कुणी केलं तेही माहीत पाहिजे की. या बोटी मुळात आपल्या बंदराच्या आसपास राहून बंदर राखायला बनवलेल्या. वेग भरपूर, ताशी ६५ किलोमीटरच्या वर, पण डिझेल पितात भयंकर, त्यामुळं लांब जाता येत नाही. मुंबईपासून कराची म्हणजे त्यांच्या हिशोबात परदेशच. आपल्या लोकांनी डोकं लावलं की मोठ्या जहाजांनी यांना दोर बांधून ओढत न्यायचं, डिझेल वाचवायचं, आणि टप्प्यात आल्यावर सोडून द्यायचं. तेव्हाचे नेव्ही चीफ ॲडमिरल नंदा लहानपणी कराचीच्या मनोरा बेटावर वाढलेले, म्हणजे ते बंदर त्यांना गल्लीसारखं माहीत. आणि हल्ला रात्रीच करायचा, कारण पाकिस्तानची विमानं रात्री समुद्रावर बोटी शोधून मारू शकत नव्हती.

४ डिसेंबर १९७१ ची रात्र. निपट, निर्घट आणि वीर या तीन मिसाईल बोटी, सोबत किल्टन आणि कच्छल ही दोन जहाजं, आणि तेल घेऊन पोषक नावाचं जहाज. कमांडर बब्रूभान यादव प्रमुख. निर्घटनं खैबर ही पाकिस्तानची डिस्ट्रॉयर बुडवली, वीरनं मुहाफिझ हे सुरुंग काढणारं जहाज, निपटनं व्हीनस चॅलेंजर हे मालवाहू जहाज, शिवाय केमारीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. खैबरवरच्या लोकांना शेवटपर्यंत कळलं नाही की मारतंय कोण, त्यांनी विमानानं हल्ला झाला असा मेसेज पाठवला. आपली पोरं ट्रेनिंगला रशियात राहून आलेली, त्यामुळं एकमेकांशी वायरलेसवर रशियनमध्ये बोलत होती म्हणे, ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये म्हणून. आपली एकही बोट गेली नाही. चार दिवसांनी ८ डिसेंबरच्या रात्री विनाश परत गेली, सोबत त्रिशूल आणि तलवार, आणि चार मिसाईल सोडून आली. पहिल्या रात्रीमुळं ४ डिसेंबर हा नेव्ही डे.

"मग हिनं काय केलं?" सोन्यानं विचारलं. बरोबर प्रश्न.

काका म्हणाले, "हिनं २८ वर्षं पहारा केला. ७६ ते २००५. पहारा करणाऱ्याचं नाव पेपरात येत नाही, आप्पांना विचार." आप्पा काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली, पण त्यानंतर त्यांचा बोटीवरचा राग गेला आणि ते उलट तिच्याच बाजूनं बोलायला लागले की असल्या चांगल्या बोटीला उसन्या शौर्याची गरजच काय.

आत उतरताना डोकं सांभाळायचं. जिने उभे, दरवाजे बुटके, आणि दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागं जावं लागतं. कॅप्टनची खोली, वायरलेस रूम, जेवायची जागा, प्रत्येक ठिकाणी नेव्हीच्या ड्रेसमधले पुतळे बसवलेत, एकदम वळून बघितलं तर बायको दचकली आणि मग त्याच पुतळ्यासोबत तिनं फोटो काढला. जेमतेम ३० माणसं या डब्यात राहायची. बायकोला पहिला प्रश्न स्वयंपाकाचा पडला, ती जागा बघून म्हणाली आपल्या खानापूरच्या देव्हाऱ्याला याच्यापेक्षा जास्त जागा आहे.

इंजिनची गोष्ट काकांची हक्काची. अशा बोटीत तीन डिझेल इंजिनं, तीन पंखे. एकेका इंजिनात ५६ सिलिंडर, ओळीत नाही, मधल्या दांड्याभोवती गोलाकार सात फाळक्या आणि एकेका फाळकीत आठ. एकेक इंजिन ५ हजार हॉर्सपॉवरचं. भावजींचा ट्रॅक्टरचा धंदा, त्यामुळं ते एकदम जागे झाले आणि पुढचा तासभर त्या दोघांचंच चाललं, नोझल, इंजेक्टर, ऑईल गळती. १६८ सिलिंडर म्हणजे १६८ ठिकाणी काहीतरी बिघडू शकतं असं भावजी म्हणाले तर काका म्हणाले, बिघडतच होतं की. मिसाईलचं इंधनही भयानक, द्रवरूप, अंगावर उडालं तर चामडी जाते, श्वासात गेलं तर फुप्फुस, त्यामुळं भरताना रबरी सूट आणि मास्क. एकेक मिसाईल सव्वादोन टनांच्या वर आणि साधारण ४० किलोमीटरवर मार करणारं. याच जातीचं जुनं मिसाईल १९६७ च्या ऑक्टोबरमध्ये इजिप्तच्या छोट्या बोटींनी सोडून इस्रायलची ऐलात ही डिस्ट्रॉयर बुडवली होती, तेव्हा सगळ्या जगाच्या नेव्ह्यांना कळलं की एवढीशी बोट मोठ्या जहाजाला खाऊ शकते.

दुपारी जेवून परत आलो ते तुपोलेव बघायला. हे नवीन आकर्षण. टीयू-१४२एम, पाणबुड्या शोधणारं विमान. १९८८ ला नेव्हीत आलं, अशी आठ होती, आधी गोव्यात हंसा तळावर आणि १९९२ पासून तमिळनाडूत अरक्कोणमला राजाळी तळावर. २९ मार्च २०१७ ला रिटायर, तोपर्यंत ३० हजार तासांच्या आसपास उड्डाण आणि अपघात नाही. अरक्कोणमहून हे विमान सुटं करून ट्रकांवर लादून रस्त्यानं कारवारला आणलं आणि इथं परत जोडलं. पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत ५० मीटर, लांबी त्याहून जास्त, म्हणजे शेजारच्या अख्ख्या चपळ बोटीपेक्षाही हे लांब. चार इंजिनं आणि पंखे मात्र आठ, एका इंजिनावर दोन-दोन, एकमेकांच्या उलट फिरणारे. विशाखापट्टणमच्या बीचवर याचंच एक भावंड आहे.

मला विचाराल तर विमान बाहेरून जास्त चांगलं आणि बोट आतून. विमानात गेल्यावर थोड्या वेळानं सगळी बटणं सारखीच वाटायला लागतात. बोटीत माणूस राहिलाय हे कळतं. सोन्याचं मत नेमकं उलट, पण तो काल घाटात ओकलाय.

संध्याकाळी वाळूत बसून चहा-भजी. बीचला टागोरांचं नाव कारण रवींद्रनाथ तरुण असताना कारवारला भावाकडं राहिले होते, थोरले भाऊ सत्येंद्रनाथ इथं जज्ज होते. त्यांनी इथं एक नाटकही लिहिलं. सूर्य बुडताना सोन्यानं नवीन कल्पना काढली की पुढच्या गणपतीला आमच्या मंडळाचा देखावा कराचीवरच्या हल्ल्याचा करूया, पाण्याचं टाकं, बोटी, मागं आग. भावजींनी लगेच खर्च विचारला. सोन्या म्हणाला सोप्पं आहे, मिसाईलला प्लंबिंगचा पाईप कापला की झालं.

आप्पा म्हणाले, "पाईप गोल असतो."

यावर बरंच झालं.

रविवार

सकाळी हायवेनं अंकोल्याकडं थोडं जाऊन आलो, नेव्हीचा तळ लांबून बघायला. बिणगा, अरगा या बाजूला भिंत सुरू होते ती संपतच नाही. फोटो काढायला बंदी आहे, काढूही नका, उगाच भानगड. सीबर्ड प्रकल्प म्हणतात तो हाच, १९८६ ला राजीव गांधींनी पायाभरणी केली, मग पैशावाचून रखडला आणि ३१ मे २००५ ला आयएनएस कदंब या नावानं तळ सुरू झाला. आणि चपळ नेव्हीतून निघाली ५ मे २००५ ला. म्हणजे त्याच महिन्यात म्हातारी घरी गेली आणि नवीन घर बांधून तयार. आता विक्रमादित्य इथंच असते. यासाठी हजारो कुटुंबांना घर, शेत, किनारा सोडायला लागला आणि भरपाईच्या केसेस कितीतरी वर्षं चालल्या, नेव्हीकाकांच्या बायकोचं माहेर त्यातच गेलं. काकू हे सांगताना काकांकडं बघून म्हणाल्या, यांची नेव्ही आणि माझं गाव. हसतच म्हणाल्या. काका खिडकीबाहेर बघत होते.

परतीला सदाशिवगड. सोंद्याच्या राजानं बांधलेला किल्ला, काळी नदीच्या मुखावर, वरून समुद्र, नदी, पूल सगळं दिसतं. वर फारसं काही उरलेलं नाही, चढही फार नाही, अर्ध्या तासात उरकतं. खाली काळी नदीवरचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ ला मध्यरात्री कोसळला, एक ट्रक पाण्यात गेला, ड्रायव्हर वाचला. आता नव्या पुलावरून वाहतूक. पुलावरून जाताना सगळे गप्प झाले आणि पुलाच्या पलीकडं गेल्यावर एकदम बोलायला लागले, आपली गाडी म्हणून नाही, सगळेच असं करत असतील.

घाट चढताना सोन्याला पुढं बसवलं, काही झालं नाही. नंदगडात पोचलो तेव्हा चार वाजलेले आणि मी म्हणलं हलशी करूनच जाऊया. बाकीचे कंटाळलेले, आपल्याच तालुक्यातलं देऊळ काय बघायचं, कधीही येता येतं. पण तळाचं नाव कदंब आहे आणि कदंबांची दुसरी राजधानी आमच्या खानापूर तालुक्यात हलशीला होती हे एकमेकांना जोडून कुणी सांगत नाही. बनवासीचे कदंब ते पहिले, चौथ्या ते सहाव्या शतकातले, तेव्हा हलशीला पलाशिका म्हणायचे. नंतरचे गोव्याचे कदंब, त्यांच्याकडं तर बंदरं आणि जहाजंच होती, आणि हलशीतलं भूवराह नरसिंहाचं देऊळ बाराव्या शतकातलं त्यांच्याच काळातलं. दोन गाभारे समोरासमोर, एकीकडं वराह आणि दुसरीकडं नरसिंह. आम्ही लहानपणापासून इथं येतोय, शाळेच्या ट्रिपा, नंतर मोटरसायकलवरून, पण जहाजांशी याचं काही नातं असेल असं मास्तरांनी कधी सांगितलं नाही. सोन्याला सांगितलं तर म्हणाला, म्हणजे नेव्ही आपल्याच तालुक्यातली की. तेवढं पण नाही म्हणा, पण मी त्याला काय बोललो नाही.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. पावसाळ्यात अणशी घाटात दरड पडते, तेव्हा चौकशी करूनच निघा, नाहीतर अनमोडहून गोव्यातून जा. बोटीत उतरायला गुडघे चांगले पाहिजेत, आप्पा उतरले पण चढताना दोन ठिकाणी थांबले (त्यांना सांगू नका). वेळ सकाळची धरा, दुपारी डेकचा पत्रा तापतो. राण्यांच्या पुतळ्याजवळ पोरांना पाच मिनिटं थांबवा. आणि कुणी चपळनं कराची जाळली म्हणलं तर नळकांडी दाखवा.

घरी आलो, जेवणं झाली, तर देखाव्याचा विषय परत निघाला. मंडळाचा खजिनदार आमच्याच गल्लीत राहतो, तोही ताक प्यायला आला. सोन्याचं म्हणणं, चौकोनी पेट्या प्लायवूडच्या कराव्या लागतील, एका बोटीला चार, तीन बोटी म्हणजे बारा पेट्या, त्यापेक्षा पाईप स्वस्त आणि बघणाऱ्याला काय कळतंय. आप्पांनी सांगून टाकलं की पाईप लावायचा असेल तर बोटीवर चपळ लिहा आणि कराची काढून टाका, निपट-निर्घट-वीर लिहायचं असेल तर पेट्या चौकोनीच, नाहीतर माझी वर्गणी नाही. खजिनदारानं लगेच विचारलं, वर्गणी किती धरायची. आप्पा म्हणाले, प्लायवूडचा रेट विचारून ये आधी.